हॅण्डब्रेक लावा, चहा टाका!

सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट भरणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये सध्या कॅम्परव्हॅनचा एक तरी व्हिडिओ सेव्ह केलेला असतोच. मागचं दार उघडं, समोर निळंशार तळं, हातात कॉफीचा मग.. माझा तर थेट अमेरिकेतून आला होता. मामेभाऊ नोकरीनिमित्त नॉर्थ डाकोटात असतो. उन्हाळा आला की तो आणि वहिनी भाड्याची आरव्ही घेऊन लेक सकाकाविया गाठतात. नाव भारी, पण प्रकार आपल्या ओळखीचाच. मिसुरी नदीवरच्या गॅरिसन धरणाचं हे बॅकवॉटर! काठावर स्टेट पार्क, आधीच बुक केलेली जागा, खांबाला प्लग लावला की वीज, नळाला पाइप लावला की पाणी. निघताना टॉयलेटची टाकी रिकामी करायला डम्प स्टेशन वेगळं.

धरणाचं पाणीच हवं ना? मग आमच्या पिंपळगाव बसवंतच्या आजूबाजूला काय कमी आहे! वर दिंडोरीत वाघाड, करंजवण, पालखेड आणि खाली गोदावरी-कादवेच्या संगमावरचं नांदूर मधमेश्वर. जानेवारीत दोन रात्रींसाठी पुण्याहून एक मॉडिफाइड व्हॅन भाड्याने घेतली. चार जणांची झोपायची सोय, छोटंसं किचन, टॉयलेट आणि सोबत ड्रायव्हर. ऑफिसवाल्या मैत्रिणी म्हणाल्या, आम्हीही येतो. म्हटलं, यावेळी नाही. यावेळी अण्णा आणि आई.

अण्णांनी एकतीस वर्षं ट्रक चालवला. पिंपळगावच्या मार्केटमधून टोमॅटो, कांदा, द्राक्षं भरायची आणि मुंबई-आग्रा रोडने थेट दिल्ली. माझ्या लहानपणी ते महिन्यातून मोजकेच दिवस घरी दिसायचे. गेल्या वर्षी काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं. जे गेलं ते परत येत नाही, उरलेलं थेंब घालून सांभाळायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. ट्रक विकला. तेव्हापासून अण्णा ओट्यावर बसून हायवेचा आवाज ऐकत असतात. फोन केला की दोनच शब्द. ‘बरंय. जेवलीस?’ आई म्हणायची, माझ्याशी तेवढंही बोलत नाहीत.

व्हॅन दारात उभी राहिली तेव्हा मात्र त्यांना वाचा फुटली. ‘आयुष्यभर गाडीत झोपलो, आता पैसे देऊन झोपू? कशाला पैसे घालवते पोरी?’

तरी टायरवर हात फिरवून आलेच!

आता जागेचं. राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. कागदावर झकास आहे, पण आमच्या पट्ट्यात प्लगवाला खांब काही मला सापडला नाही. नांदूर मधमेश्वर अभयारण्य आहे, तिथे पाण्याकाठी गाडी लावून रात्र काढण्याचा विचारही करू नका. शेवटी आमचं स्टेट पार्क म्हणजे कादवेकाठचा मामांचा द्राक्षमळा. वीज पंपाच्या खोलीतून, पाणी बोअरचं, आणि टॉयलेटची टाकी? मामांच्या घरामागचा सेप्टिक टँक. ज्यांचे मामा शेतकरी नाहीत, त्यांनी हा शेवटचा प्रश्न बुकिंगच्या आधीच विचारून ठेवा. नदी ही काही त्याची जागा नव्हे. (आणि हो, घरच्या गाडीच्या सीटा उपटून स्वतःच व्हॅन बनवायचा फंडा असेल तर आधी आरटीओत चौकशी करा. परवानगी न घेता गाडीत असे बदल करणं कायद्यात बसत नाही.)

गाडी कुठे लावायची यावर मात्र अण्णांनी ड्रायव्हरचा ताबाच घेतला. मी दाखवली ती जागा फोटोला सॉलिड होती, अगदी पाण्याला टेकून. अण्णांनी पायाने माती दाबली. ‘काळी आहे. एक पाऊस झाला की चाक इथंच राहील.’ नदीपात्रात तर नाहीच नाही, वरून धरणाचं पाणी कधी सुटेल त्याचा भरवसा काय? मग मुरमाचा उंचवटा शोधला, चाकाखाली दगड लावले आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे. ‘रात्री निघायची वेळ आली तर रिव्हर्स मारत बसायचं नसतं.’ माझा पाण्याचा व्ह्यू गेला मागच्या दारातून!

रात्री निफाडची थंडी म्हणजे काय ते कळलं. कडाका फार वाढला की बागांमध्ये शेकोट्या पेटवतात, धुराने द्राक्षांना ऊब राहावी म्हणून. मामांनीही पेटवल्या होत्या. शेजारच्या शेडमध्ये सुरगाण्याकडून द्राक्षं तोडायला आलेली कुटुंबं उतरली होती. तीन दगडांची चूल, प्लॅस्टिकचा आडोसा, झोपलेली पोरं. बाहेर राहणं हा त्यांचा वीकेण्ड नव्हता. आई त्यांच्यातल्या एका बाईशी गप्पा मारत बसली आणि मी कॅमेरा खिशात ठेवला.

आणि शेकोटीजवळ अण्णा बोलायला लागले. कुणी विचारलं नव्हतं. धुळ्याची पांझरा, सावळद्याची तापी, खलघाटची नर्मदा, धौलपूरची चंबळ, आग्र्याची यमुना.. अख्खा हायवे त्यांना नद्यांनी पाठ होता. खलघाटला पहाटे पोचले की आधी नर्मदेत अंघोळ, मग तिथेच स्टोव्हवर खिचडी, दोन तास झोप. उन्हाळ्यात केबिन इंजिनाने तापायची, म्हणून ताडपत्रीवर, मालाच्या वर झोपायचे. ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला तो १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना, हे मी सांगितलं तर हसले. ‘आमच्या वेळी खिडकी हाच एसी.’ आई म्हणाली, ‘नर्मदेचं कधी बोलला नाहीत मला.’ अण्णांनी लाकूड पुढे सारलं. ‘घरी आल्यावर झोपच यायची गं.’

रात्री ते वरच्या गादीवर गेलेच नाहीत. ड्रायव्हर मामांकडे झोपायला गेला होता. अण्णा त्याच्या सीटवर, मान काचेला टेकवून, मस्त घोरत होते.

सकाळी चापडगावला गेलो. ब्रिटिश काळातला हा बंधारा गाळाने भरत गेला आणि त्या उथळ पाण्यात पक्ष्यांचं राज्य आलं. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. गाईड बोट दाखवत होता. ते वारकरी, ते थापट्या, तिकडे चमचा. अण्णांना बोटाच्या दिशेला काहीच सापडेना. डावीकडे, उजवीकडे, दोनदा मान फिरवली आणि गप्प झाले. मला वाटलं, झालं, आता परत ‘बरंय’.

गाईडने स्टॅण्डवरची मोठी दुर्बीण चमच्यावर नेमली आणि त्यांना पुढे बोलावलं. त्यांनी डोळा लावला. बराच वेळ हलले नाहीत.

‘यातून सगळ्यांना एवढंच गोल दिसतं का?’

‘हो काका, एवढंच.’

‘मग ठीक आहे,’ म्हणाले. मागे आमच्यासकट सात-आठ जणांची रांग लागली होती. एका मुलाने चुळबुळ केली, तशी अण्णांनी मान न वळवता हात वर केला. ‘थांब रे जरा. तो आता मासा गिळतोय.’