आजोळहून आलेला आकडा

51व्या वर्षी, पाळी थांबून वर्ष उलटल्यावर, मी पहिल्यांदा कोलेस्टेरॉल तपासायला गेले. इस्ट्रोजेन कमी झालं की बायकांचं कोलेस्टेरॉल वाढतं, हेही तेव्हा ठाऊक नव्हतं. रात्रीपासून जेवायचं नाही एवढंच कळलं होतं. ‘‘काकू, चहा घेतलात का?’’ लॅबमधल्या मुलीने विचारलं. दूध-साखरेचा, कपभर. तिने मला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

रिपोर्ट आला: एकूण 298, एचडीएल 52, ट्रायग्लिसराइड 150, एलडीएल 216. बेरीज करून पाहिली, जमेना. डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवलं: एकूणातून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा, उरेल ते एलडीएल. म्हणजे ‘कमी घनतेचं मेदप्रथिन’, असं मी वहीत लिहिलं. अर्थ नंतर उमगला: कोलेस्टेरॉल वाहणारी ही गाडी. गाड्या फार झाल्या की माल धमन्यांच्या भिंतीत साठतो.

मी तूप बंद केलं आणि ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेली तेलाची पिशवी आणली. आमटीतलं खोबरं मात्र तसंच ठेवलं. ते तर झाडाचं! मग कळलं की कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. बघायचं ते संपृक्त मेद, म्हणजे थंडीत गोठणारी चरबी. ती तुपात आहे तशी खोबऱ्यातही आहे. खोबरं कमी केलं, डाळी-उसळी वाढवल्या. तीन महिन्यांनी एलडीएल 194. मी दवाखान्यातच रडले.

‘‘तुम्ही कमी पडला नाहीत,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘कोलेस्टेरॉल बरंचसं शरीरच बनवतं. माहेरी, आजोळी कमी वयात कुणाला हृदयविकार?’’ आई 54व्या वर्षी गेली. मामाची बायपास 46व्या वर्षी झाली. हे दोन आकडे मी कधी शेजारी ठेवून पाहिलेच नव्हते.

जनुक तपासणीत खरं कारण सापडलं. यकृताच्या पेशींवर एलडीएल धरून आत ओढणारे ‘ग्राही’ असतात. मी त्यांना पकडी म्हणते. हा शोध ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांचा. त्यांना 1985 साली नोबेल मिळालं. पकडी बनवणारं जनुक 19व्या गुणसूत्रावर असतं. माझ्या दोन प्रतींपैकी एकीत दोष आहे. साधारण अडीचशे माणसांत एकाला असा आनुवंशिक दोष असतो. स्टॅटिनची गोळी सुरू झाली आणि एलडीएल 98वर आलं. पथ्य चालूच आहे. पण नुसत्या पथ्याने हे झालं नसतं.

शेवटच्या महिन्यात आईचा जबडा दुखायचा, पाठ भरून यायची, जिना चढताना दम लागायचा. छातीत दुखत नाही म्हणून आम्ही तिला ओवा दिला, दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. बायकांचं हृदय असंही हाक मारतं, हे आम्हाला माहीत नव्हतं.

माझ्या मुलीत हा दोष असण्याची शक्यता निम्मी आहे. ती 24 वर्षांची, सडपातळ. ‘‘आई, मला कशाला?’’ म्हणाली. मी तिला आजीची गोष्ट सांगितली, मग मामेभावंडांनाही फोन केले. उद्या सकाळी ती तपासणीला जाणार आहे. आत्ताच तिला बजावून आले: चहासुद्धा घेऊ नकोस.