मनुष्यव्यापाराचा कायदा आणि प्रांतसाहेबांची कचेरी

माणसांच्या क्रयविक्रयाचे एखादे प्रकरण वृत्तपत्रांतून गाजू लागले की मुंबईच्या विधानभवनापासून आमच्या अमळनेरच्या बाररूमपर्यंत एकच मागणी ऐकू येते, ती म्हणजे कायदा कडक करा. आणि ज्याचे आयुष्य फौजदारी न्यायालयात फिर्यादी, जबान्या व तहकुबीचे अर्ज वाचण्यात गेले अशा माझ्यासारख्या वकिलास या मागणीचे मनातून नवल वाटते. २०१३ साली दंडसंहितेचे ३७० कलम नव्याने लिहिले गेले आणि १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत १४३ कलम म्हणून वावरते. त्यात मनुष्यव्यापारास किमान सात वर्षे सक्तमजुरी, एकाहून अधिक बालकांचा व्यापार केल्यास किमान चौदा वर्षे, आणि लोकसेवक किंवा पोलीसच त्यात सामील असल्यास उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर कैद सांगितली आहे. याहून कडक ते काय करणार?

शिक्षेचा धाक वाढविल्याने तपासास आपोआप डोळस बुद्धी येत नाही, याचा दाखला आपल्याच जळगाव जिल्ह्याने दिला आहे. ३० मे २०२३ रोजी दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारहून पुणे व सांगलीकडील मदरशांत शिकावयास निघालेली ५९ मुले मनुष्यव्यापाराच्या संशयावरून काही भुसावळला व बाकीची मनमाडला उतरवून घेण्यात आली, त्यांच्या सोबतच्या पाच इसमांवर ३७० कलमाखाली गुन्हे दाखल झाले, ते सुमारे चार आठवडे कोठडीत राहिले, मुले बारा दिवस निवारागृहात राहिली, आणि मार्च २०२४ मध्ये हे सारे गैरसमजातून घडले असा निष्कर्ष निघून दोन्ही प्रकरणे बंद झाली. गाडी थांबवून चौकशी करण्यास माझा आक्षेप नाही. परक्या मुलखात पालकांवाचून चाललेल्या मुलांची विचारपूस झालीच पाहिजे. परंतु ती मुले बालकल्याण समितीपुढे नेणे, आईबापांशी बोलणे, जेथे ती निघाली त्या संस्थेत खातरजमा करणे हे आधी, आणि कलम नंतर, हा क्रम सोडला की कायदा जितका कठोर तितका निरपराध्यावरचा घाव खोल जातो.

याच्या उलट, ज्या शोषणाकडे आपला खानदेश वर्षानुवर्षे उघड्या डोळ्यांनी पाहतो ते या कडक कलमाच्या शब्दांत नीट सामावतच नाही. फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशात शोषणाच्या व्याख्येत सक्तीच्या मजुरीचा स्पष्ट उल्लेख होता. महिन्या-दोन महिन्यांत झालेल्या अधिनियमातून तो गळाला. नव्या संहितेने त्या यादीत भीक मागावयास लावणे घातले, पण सक्तीची मजुरी घातली नाही. आता दसरा-दिवाळी उलटली की सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल व पावरा कुटुंबकबिले ऊसतोडीसाठी मालमोटारीत चढतात ते पाहावे. नवराबायको मिळून एक कोयता, त्या कोयत्याला मुकादमाने दिलेली उचल, आणि ती फिटेपर्यंत फड न सोडण्याचा अलिखित करार. हंगाम सरला तरी हिशेब अंगावरच राहिला तर पुढल्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. पळालेल्यास धरून आणले, बायकापोरांस अडकवून ठेवले, अशी तक्रार घेऊन माणूस आला तर ठाण्यात तिला देण्याघेण्याचा तंटा म्हणण्याकडेच कल असतो.

वास्तविक यासाठी १९७६ चा वेठबिगार पद्धत निर्मूलन अधिनियम पुरेसा धारदार आहे. तो अशा कर्जाचे बंधन नष्ट करतो. कर्ज वेठबिगारीचे नव्हे हे सिद्ध करण्याचा भार मजुरावर न टाकता धनकोवर टाकतो. आणि प्रत्येक उपविभागात, म्हणजे आपल्या प्रांतसाहेबांच्याच अध्यक्षतेखाली, एक दक्षता समिती असावी असे फर्मावतो. शिक्षा मात्र तीन वर्षे कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड! पन्नास वर्षांत रुपयाचे काय झाले हे दंडाच्या आकड्यास कोणी सांगितलेले दिसत नाही. कायदा बळकट करावयाचाच तर राज्याने येथून आरंभ करावा.

फौजदारी कायदा समवर्ती सूचीत असल्याने राज्यास दुरुस्ती करता येते, पण ती केंद्रीय कायद्याशी विसंगत असली की राष्ट्रपतींच्या संमतीवाचून तिला बळ येत नाही. स्त्रिया व बालकांवरील अत्याचारांविरुद्धचे महाराष्ट्राचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळात संमत होऊनही या संमतीअभावी अंमलात आले नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे जे अधिकार राज्याच्या दप्तरात आजच आहेत त्यांचे मोल कळते. अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा १९५६ चा कायदा केंद्राचा खरा, तरी विशेष पोलीस अधिकारी, सल्लागार मंडळ व नियम हे सर्व राज्याच्या हाती आहे, आणि विशेष न्यायालय उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने राज्यासच स्थापता येते. मुंबईत २००८ साली तसे ते झालेही, मग जळगाव-धुळे-नंदुरबारसाठी एक फिरते न्यायालय का नसावे? त्या कायद्याच्या ८ व्या कलमात, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलाविणाऱ्या स्त्रीस पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि तोच अपराध करणाऱ्या पुरुषास जास्तीत जास्त तीन महिने, असा जो अजब न्याय आहे तो काढून टाकण्याची शिफारस तरी आपल्या विधिमंडळाने एकमुखाने करावी. आमच्या व्यवसायाविषयीही एक गोष्ट येथे नमूद करतो: आरोपीच्या वकिलाने सुटका झालेल्या मुलींचेही वकीलपत्र घेऊ नये, असे २००२ साली प्रेरणा संस्थेच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयास सांगावे लागले, याची लाज वकिलांना वाटली पाहिजे.

राहिला विवाहाचा बाजार. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. आज ते मुलगे उपवर होऊ लागले आहेत, आणि मध्यस्थ पैसे घेऊन दूरदेशीची नवरी आणून देतो. नवरी पळाली की वराकडचे लोक फसवणुकीची फिर्याद गुदरतात. पण तिला कोणी, कोठून, काय सांगून आणले हा प्रश्न तपासाच्या कागदांत क्वचितच उतरतो.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा गाळपाचा हंगाम तोंडावर असेल. सरपंच, ग्रामसेवक व शिक्षक यांस माझी विनंती आहे की टोळी गाव सोडण्याआधी मुकादमाचे नाव, कारखान्याचे नाव, उचलीची रक्कम आणि बरोबर निघालेल्या मुलांची वये एका वहीत लिहून तिची नक्कल प्रांत कचेरीत द्यावी व पोच घ्यावी. आणि दक्षता समितीची मागील बैठक कोणत्या तारखेस झाली, हे त्याच भेटीत लेखी विचारावे.