काउंटरच्या पलीकडची खुर्ची

सकाळचे दहा वाजायला पाच-सात मिनिटं असायची आणि ग्रंथालयाच्या बंद दारासमोर आठ-दहा माणसं थंडीत पाय आपटत उभी असायची. काखेत कागदांची पिशवी धरलेला एखादा प्रौढ गृहस्थ, बाबागाडीतलं मूल सांभाळणारी आई, रात्र कुठे काढली असेल असा प्रश्न पडावा असे दोघंतिघं. पहिल्या दिवशी मला वाटलं, इथे रेशनचं काहीतरी मिळत असावं. पुस्तकांसाठी कुणी दार उघडण्याची वाट पाहत उभं राहतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ही गोष्ट अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातली, जानेवारी २०२३ ची. ताईच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी रजा काढून तीन महिने तिच्याकडे गेले होते. दाजी दिवसभर प्रयोगशाळेत, ताई बाळापाशी, आणि तीन वर्षांच्या भाचीला बाहेर नेण्याची जबाबदारी मावशीची. बाहेर बर्फ. पैसे न मोजता तासन्‌तास ऊबेत बसता येईल अशी एकच जागा शेजारीपाजारी होती, ती म्हणजे दोन गल्ल्या सोडून असलेली सार्वजनिक ग्रंथालयाची शाखा.

आत शिरले तर दाराजवळ पन्नाशी ओलांडलेल्या एक कृष्णवर्णीय बाई वाकून, बुटांबरोबर आलेल्या बर्फाचं पाणी पुसत होत्या. मी त्यांना ओलांडून सरळ संगणकापाशी बसलेल्या गोऱ्या तरुणाकडे गेले आणि विचारलं, "ग्रंथपाल कुठे भेटतील?" त्याने काही न बोलता माझ्या पाठीमागे बोट दाखवलं. बाईंनी फडकं बादलीत टाकलं, हात पुसले आणि हसत म्हणाल्या, "मीच ती. बोल, काय हवंय?"

माझा चेहरा पडला. त्यांनी मात्र जणू काही घडलंच नाही अशा थाटात भाचीच्या नावाचं कार्ड करून दिलं. पुढे ओळख वाढल्यावर मी त्या दिवसाबद्दल माफी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी माझ्याच समोर उभं राहून मला ग्रंथपाल कुठे आहेत असं विचारतं. आता राग येत नाही असं सांगितलं, तर ते खोटं ठरेल. पण पाणी पुसलं नाही तर एखादी म्हातारी घसरून पडेल. राग नंतरही करता येतो."

वस्तीतली मुलं त्यांना 'मिस' म्हणून त्यांचं पाळण्यातलं नाव घेत. मला ते जमेना. माझ्या तोंडात आपलं 'बाई'च बसलं होतं. इथेही मी त्यांना बाईच म्हणते.

दिवसभराचं काम

ग्रंथपाल म्हणजे पुस्तक शोधून देणारी व्यक्ती, एवढीच माझी समजूत होती. बाईंच्या दिवसात पुस्तकांचा वाटा निम्माही नव्हता. सकाळी संगणकांसाठी रांग लागे. कारखान्याच्या नोकरीचा अर्जसुद्धा आता संगणकावरच भरावा लागतो आणि ज्यांच्या घरी संगणक नाही, ते सगळे इथे येत. एकदा बाई एका पन्नाशीच्या माणसाशेजारी पाऊण तास बसून होत्या. त्याला एकेक अक्षर शोधावं लागत होतं. मी म्हटलं, "तुम्ही स्वतः भरून दिला असता तर पाच मिनिटांत झालं असतं." त्यावर त्या म्हणाल्या, "हो ना. आणि उद्या दुसरा अर्ज भरायला त्याला पुन्हा माझीच बोटं शोधत यावं लागलं असतं."

फेब्रुवारी उजाडला तसे लोक आयकराचे कागद घेऊन येऊ लागले. बाई फॉर्म देत, फुकट सल्ला कुठे मिळतो ते सांगत, पण आकड्यांना हात लावत नसत. तो नियमच होता. मुलांच्या गोष्टींच्या तासाला मात्र त्या सगळं विसरत. आवाज बदलून, डोळे मोठे करून गोष्ट सांगत. इंग्रजीचा गंध नसलेली माझी भाचीसुद्धा पुढे सरकत सरकत त्यांच्या पायाशी जाऊन बसे. दुपारी तीननंतर शाळेतली पोरं दंगा करत येत. त्यांच्यासाठी बाईंच्या खणात बिस्किटांचा पुडा ठेवलेला असे. कुणाला ते बिस्किट खाऊ म्हणून हवंय आणि कुणाला भूक लागलीय, हे त्यांना चेहऱ्यावरून कळे. संध्याकाळी दमलेले पाय बुटांतून बाहेर काढून त्या बिघडलेल्या प्रिंटरला शिव्या घालत.

एक दिवस एक तरुण आई दाराशी घुटमळत होती. लहानपणी हरवलेल्या पुस्तकाच्या धाकानं ती वर्षानुवर्षं आत आलीच नव्हती. बाईंनी तिला हाताला धरून आत आणलं. बाल्टिमोरच्या या ग्रंथालयानं उशिराचा दंड २०१८ मध्येच रद्द केला होता. बाई मला म्हणाल्या, "दंड ज्यांना सहज भरता येतो ते भरतात आणि विसरतात. ज्यांना भरता येत नाही ते पुस्तकाबरोबर येणंच सोडून देतात. आपल्याला नेमकी तीच माणसं हवी असतात."

उघडं दार, बंद खुर्ची

बाईंचं घर जवळच्याच एका जुन्या गल्लीत होतं. बाल्टिमोरमध्ये एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या विटांच्या घरांच्या रांगाच्या रांगा आहेत आणि त्यांतल्या कितीतरी घरांना पांढऱ्या संगमरवराच्या पायऱ्या आहेत. बाईंची आजी दुसऱ्यांच्या घरच्या अशा पायऱ्या गुडघ्यांवर बसून घासत असे. याच शहरानं १९१० मध्ये कायदा करून कृष्णवर्णीयांनी कोणत्या गल्लीत राहायचं आणि गोऱ्यांनी कोणत्या, हे ठरवून दिलं होतं. १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं असे कायदे रद्द केले, पण गल्ल्यांच्या सीमा लोकांच्या मनातून गेल्या नाहीत. आजही त्या भागात फळ्या ठोकून बंद केलेली ओसाड घरं रांगेनं दिसतात.

ग्रंथालयाची कहाणी मात्र वेगळी आहे, असं मी समजत होते. ईनॉक प्रॅट नावाच्या एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्यानं स्वतःची संपत्ती देऊन ते उभं केलं. १८८६ मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्याची अट स्पष्ट होती, की गरीब-श्रीमंत, काळा-गोरा हा भेद न करता ते सर्वांसाठी असावं. दक्षिणेकडच्या कितीतरी शहरांत कृष्णवर्णीयांना सार्वजनिक ग्रंथालयात पाऊलही ठेवू देत नसत, त्या काळातली ही गोष्ट. मी कौतुकानं तसं म्हटलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "दार उघडंच होतं. पण खुर्चीचं काय? लुईझ केरचं नाव ऐकलंयस?"

मी ऐकलं नव्हतं. लुईझ केर ही बाल्टिमोरमधलीच एक शिकलेली कृष्णवर्णीय तरुणी. १९४३ मध्ये तिनं या ग्रंथालयाच्या सहायकांच्या प्रशिक्षण वर्गासाठी अर्ज केला. तो केवळ तिच्या वर्णामुळे नाकारण्यात आला. काउंटरच्या अलीकडे उभं राहून पुस्तक मागायला तिला मनाई नव्हती. पलीकडे बसून ते द्यायला होती. कृष्णवर्णीय सहायिका लोकांना रुचणार नाही, असं कारण सांगण्यात आलं. केर न्यायालयात गेली. खालच्या न्यायालयात ती हरली, पण १९४५ मध्ये अपील न्यायालयानं निकाल फिरवला. शहराच्या पैशावर चालणारी संस्था 'आम्ही खाजगी आहोत' असं म्हणून भेदभाव करू शकत नाही, असं न्यायाधीशांनी बजावलं.

"त्या खुर्चीवर मी बसते," बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः सुरुवात केली ती परत आलेली पुस्तकं कपाटात लावण्याच्या कामापासून. दिवसा नोकरी, रात्री अभ्यास असं करत ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळवली. त्या उमेदवारी करत होत्या तेव्हा, १९९३ मध्ये, कार्ला हेडन या कृष्णवर्णीय स्त्रीकडे या संपूर्ण ग्रंथालयाची सूत्रं आली. एप्रिल २०१५ मध्ये फ्रेडी ग्रे हा कृष्णवर्णीय तरुण पोलीस कोठडीतल्या जखमांनी मरण पावला आणि शहर पेटलं. पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवरच्या शाखेसमोरचं औषधांचं दुकान जळालं, पण दुसऱ्या दिवशी ती शाखा नेहमीप्रमाणे उघडली. आसपासची दुकानं बंद असताना लोकांना जायला एक जागा होती. बाई म्हणाल्या, "त्या दिवशी कुणी आमच्या काचेला दगड मारला नाही. माणसं स्वतःचं घर फोडत नाहीत." हेडन पुढे २०१६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रमुख झाल्या. त्या पदावरच्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या कृष्णवर्णीय.

माझे आबा

हे सगळं ऐकताना मी गप्प होत गेले. बाईंनी सहज विचारलं, "तुझ्या घरी पुस्तकांची आवड कुणाला?"

"वडिलांना. ते ग्रंथालयात होते."

"अरे वा! ग्रंथपाल?"

मी क्षणभर 'हो' म्हणणार होते. सात समुद्रांपलीकडे कोण पडताळून पाहणार होतं? पण त्या ओल्या फरशीची आठवण झाली आणि म्हटलं, "नाही. शिपाई."

माझे आबा आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं शिपाई होते. आम्ही कोणत्या वस्तीतले, ते गावाला ठाऊक होतं. घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. "या माणसानं मुंबईत घर बांधलं ते पुस्तकांसाठी," असं सांगत आबा आम्हा बहिणींना 'राजगृहा'ची गोष्ट ऐकवत. झाडलोट करता करता त्यांना कपाटं पाठ झाली होती. रात्री कंदिलाशी बसून त्यांनी ग्रंथपालाची प्रमाणपत्र परीक्षा दिली आणि पास झाले. पुढे जागा रिकामी झाली तेव्हा कार्यकारी मंडळातल्या कुणाचा तरी भाचा नेमला गेला. आबांना सांगण्यात आलं, "तुम्ही कामाचे आहात हो, पण काउंटरवर कोण बसलंय ते वाचक बघतात." नव्या साहेबांना पुस्तक सापडलं नाही की हाक आबांनाच यायची.

पण बाईंना मी सांगितली ती माझी गोष्ट. सहावीत असताना आमच्या वर्गाला ग्रंथालय दाखवायला नेलं होतं. आबा खाकी कपड्यांत, स्टुलावर चढून वरच्या खणातली पुस्तकं काढत होते. मैत्रिणीनं विचारलं, "ते शिपाईमामा तुझ्याकडे बघून का हसतायत गं?" मी म्हटलं, "आमच्या गल्लीत राहतात." आबांनी ते ऐकलं. खाली उतरले, इतर मुलींना दिलं तसंच एक पुस्तक माझ्या हातावर ठेवलं आणि पुन्हा स्टुलावर चढले. घरी त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. मीही नाही.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आजी ज्या घराच्या पायऱ्या घासायची, त्या घरातली मुलगी माझ्या वर्गात होती. रस्त्यात आजी दिसली की मी बुटाची नाडी बांधायला खाली बसायची." एवढं सांगून त्या उठल्या, कारण काउंटरवर कुणीतरी उभं होतं.

जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण करून. शाळेत मी ते एका वाक्यात उत्तरासाठी पाठ केलं होतं. त्या संध्याकाळी, बर्फातून भाचीचा हात धरून घरी येताना, त्याचा अर्थ मला थोडाफार कळला.

एप्रिलमध्ये परत आले आणि गावी गेले. आबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून दोन प्रश्न विचारले. "त्यांच्याकडे पुस्तकांना वाळवी लागते का?" आणि "त्या बाई दार उघडायच्या वेळेला येतात की आधी?"

"अर्धा तास आधी, आबा."

"मग खऱ्या ग्रंथपाल," ते म्हणाले.

त्यानंतर मे २०२५ मध्ये बातमी आली की कार्ला हेडन यांना मुदत संपण्याआधीच अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पदावरून काढलं. मी ती आबांना वाचून दाखवली. डोळ्यांना आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. ते म्हणाले, "खुर्ची देणारे ती काढूनही घेतात. वाचलेलं मात्र कुणाला काढून घेता येत नाही." मग दोघंही गप्प बसलो. इतक्या वर्षांत जे जमलं नव्हतं ते त्या शांततेत कसंबसं तोंडून बाहेर पडलं.

"आबा, सहावीत असताना ग्रंथालयात आमची सहल आली होती..."

"माहीत आहे," त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "तुला कोणतं पुस्तक दिलं होतं, आठवतं का?"

मला आठवेना. मान खाली घातली.

"नाव मलाही नक्की आठवत नाही," आबा म्हणाले, "पण दाखल क्रमांक सांगतो. अठराशे बेचाळीस. तू ते परत केलंच नाहीस. दंड मी भरला होता."