बेडकाची चाल

आजोबा पोस्टात कारकून होते, पण नाडी बघायचा त्यांना भारी नाद. उशाशी ‘शार्ङ्गधरसंहिते’ची पानं सुटलेली प्रत असायची. मुलींचा डावा हात, मुलांचा उजवा. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं टेकवून ते डोळे मिटायचे. सापासारखी सरकली तर वात, बेडकासारखी उडाली तर पित्त, हंसासारखी डुलत आली तर कफ. माझ्या मनगटात त्यांना नेहमी बेडूकच सापडायचा. “काय गं, पाऊस सुरू झाला वाटतं आत!” म्हणत ते चमचाभर मोरावळा हातावर ठेवायचे. मोजायचे मात्र कधीच नाहीत.

मोजणी झाली ती कॉलेजात, एनसीसीच्या तपासणीत. १०४. पुन्हा मोजले, १०८. “धावत आलीस?” छे, तासभर बाकावर रांगेत बसून होते. आईच्या तोंडचं पाणी पळालं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी, सगळं करून झालं, सगळं ठणठणीत. मोठ्या माणसाचे बसल्या जागचे ठोके मिनिटाला ६० ते १०० धरतात. म्हणजे मी अगदी उंबऱ्यावर, एक पाय आत, एक बाहेर. खरं सांगते, रिपोर्ट चांगले आले याचा मला थोडा रागच आला होता. नाव नसलेलं दुखणं घरात कोण मनावर घेतो?

उलगडा केला तो पुढे डॉक्टर झालेल्या मैत्रिणीने. हृदयात ठोक्यांची सुरुवात करणारी एक इवलीशी गाठ असते. तिला मोकळं सोडलं तर ती मिनिटाला शंभरेक ठोके देते. मेंदूकडून आलेली व्हेगस नस तिला सतत आवरून धरते. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाची ही नस तुटलेली असते, म्हणून ते माणूस निवांत बसलेला असतानाही नव्वद-शंभरने चालतं. रोज पळणाऱ्यांचा लगाम इतका घट्ट, की चाळीस-पन्नासात भागतं. “तुझा लगाम जरा सैल आहे, एवढंच. बरं, चहा किती होतो दिवसाला?”

पाच कप. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

चहा दोनावर आणला आणि पर्वती सुरू केली. पायऱ्या १०३, एनसीसीच्या आकड्याला एक कमी, हे पहिल्या दिवशीच मोजून घेतलं.

आता मनगटावर घड्याळ आहे. त्याच्या पोटात हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा उजेड पिऊन टाकतं, त्या कमीजास्तीवरून ते ठोके ओळखतं. बघितलं की ८४. बघतेय हे मनाला कळलं की ८९. पहाटे साडेतीनला मात्र ६३. त्या वेळी बघायला मी नसते ना.

कधी कधी घड्याळ काढून ठेवते आणि डाव्या मनगटावर तीन बोटं टेकवून डोळे मिटते. बेडूक आहे अजून, जरा दमाने उड्या मारतो. सातव्या-आठव्या उडीला लक्षात येतं, ओठ हलताहेत, मी मोजतेय.