घोडा बदलायचा तर बदलापुरात!

बदलापूर हे नाव कसं पडलं, ठाऊक आहे का तुम्हांला? शिवकाळात सुरतेच्या वाटेनं जाणारी फौज इथं थांबायची, दमलेले घोडे सोडून ताजे घोडे घ्यायची, म्हणून हे बदलापूर, असं इथली जुनी माणसं सांगतात. खरंखोटं इतिहासकारांनी पाहावं. पण गेल्या मार्गशीर्षात माझाही घोडा मी बदलापुरातच बदलला, तेव्हापासून मला तरी ही गोष्ट पटली आहे! माझा घोडा म्हणजे सायकल. तीसुद्धा साधी नव्हे. गिअरची, जाड टायरची, मुलं जिला ‘एमटीबी’ म्हणतात ती डोंगरी सायकल.

हसलात ना? आमच्याकडेही हसले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाईमाणसाला सायकल कशाला, तीही सात-सात गिअरची? तर ऐका.

आम्ही अंबरनाथला राहतो. चिरंजीव दहावीत असताना त्याच्यासाठी ही सायकल घेतली होती. पुढं तो नोकरीला पुण्याला गेला आणि सायकल जिन्याखाली पडून राहिली. एके दिवशी धूळ झटकून मीच ती बाहेर काढली. शाळेत असताना मी भाड्याच्या सायकलीवर शिकले होते, ते अंगात राहिलेलं होतंच. मग रोज पहाटे पाणी भरून झालं, कणीक मळून झाली की पाऊण तास माझा. शिवमंदिरापर्यंत जायचं, दर्शन घ्यायचं, परत यायचं. दिवसभरात कुणी हाक मारत नाही असा तेवढाच पाऊण तास, हे तुम्हांला निराळं सांगायला नको.

पण सायकल होती चिरंजीवांच्या मापाची. तो पाच फूट नऊ इंच, मी पाच फूट एक. सीट अगदी खाली घेतली तरी मधला दांडा उंच. थांबताना अख्खी सायकल कलती करावी लागे. वर लोखंडी सांगाडा, वजनाला पिंपासारखा. वर्षभरात गुडघे बोलू लागले. घरचे म्हणाले, “आता पुरे, सोड.” डॉक्टर मात्र म्हणाले, “सायकल सोडू नका, मापाची घ्या.” आता नवी चांगली गिअरची सायकल म्हणजे पंधरा-वीस हजारांची गोष्ट, आणि माझ्याजवळ भिशीचे सात हजार. सात हजारांत नवी मिळते ती दिसायला झकपक, पण जड आणि कामचलाऊ. तेवढ्याच पैशांत चार वर्षं वापरलेली पण मुळात चांगल्या बनावटीची मिळत असेल, तर ती घ्यावी. जुनी पैठणी आणि नवं नायलॉन यांत आपण काय निवडतो?

आणि सेकंडहँडची लाज तर मुळीच धरू नका. ही डोंगरी सायकल जन्मालाच आली ती जुन्यापान्यातून! १९७०च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपाइस नावाच्या डोंगराजवळच्या तरुण मंडळींनी १९३०-४०च्या सुमाराच्या जाडजूड जुन्या सायकली गोळा केल्या आणि त्यांवरून कच्च्या उतारावरून सुसाट खाली यायचा खेळ मांडला. १९७६ साली त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावं लागे. अशा शर्यतींसाठी खास सांगाडे घडवले गेले ते १९७७पासून पुढं. त्या टोळक्यात वेंडी क्रॅग नावाची एक बाईही होती. ती स्वतः त्या उतारावरून सायकल हाणायची आणि बाकीच्यांचे फोटोही काढायची. त्या दिवसांची कितीतरी छायाचित्रं तिचीच आहेत.

तर शोध सुरू झाला. मुंबईत जागा परवडेना म्हणून कितीतरी कुटुंबं बदलापुरात आली, इमारतींवर इमारती उठल्या. त्या प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर पाहा, धूळ खात उभ्या असलेल्या सायकलींची रांग दिसेल. हौसेनं घेतलेल्या, मग पोरं कॉलेजात गेली, स्कूटर आली. माझ्या भाचीच्या सोसायटीतल्या वॉचमननं अशीच एक दाखवली. पंधरा इंची सांगाडा, ॲल्युमिनियमचा. दांडा पुढून मागं उतरता. मालकीण तिशीची. बाळ झाल्यापासून सायकल उभीच होती. मुलगा कडेवर, दुसऱ्या हातानं ती सीट पुसत होती. विकायची तर आहे, पण हात निघत नव्हता, हे न सांगता कळत होतं.

आता आपण भाजी घेतानासुद्धा वांगं उलटंपालटं करून बघतो, मग सायकल तशीच कशी घ्यायची? आमच्या या भागात पहिली परीक्षा पुराची. २६ जुलै २००५चा प्रलय तुम्हांला आठवत असेलच. २०१९च्या जुलैत तर वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी होड्यांतून काढावे लागले. उल्हास नदी फुगली की बदलापूरच्या सखल भागातल्या तळमजल्यात पाणी शिरतं, आणि तिथं उभी सायकलही बुडते. वरून रंग चकचकीत असतो, आत मात्र गंज. म्हणून सीट दांडीसकट उपसून काढायला लावा आणि सायकल उलटी धरून हलवा. तांबडं पाणी किंवा सुकलेला चिखल गळला तर नमस्कार करून घरी या.

मग चेन. यासाठी मुलांची बारा इंची फूटपट्टी पर्समध्ये टाका. शिवणाची टेप नको, ती ताणली जाते. चेनच्या एका पिनेवर शून्य ठेवून चोवीस पिना पुढं मोजा. चोविसावी बरोबर बारा इंचांवर यायला हवी. दोरा-दोन दोरे पुढं गेली तर चेन ताणली आहे, बदलावी लागणार, आणि मागच्या दात्यांनाही झीज लागलेली असू शकते. मी पट्टी काढल्यावर त्या बाईचे यजमान चाटच पडले! आमच्या या पट्टीवर चोविसावी पीन दोराभर पुढं आली आणि पाचशे रुपये तिथंच कमी झाले. चाक उचलून गरकन फिरवा. डुलत असेल तर आउट आहे. ते निघतं, घाबरू नका. पण हँडलखाली जिथं दांडे जोडलेले असतात, तिथं बोट फिरवून पाहा. रंगाला सुरकुती किंवा केसाएवढी चीर असेल तर फुकटसुद्धा घेऊ नका, तो सांगाडा एखाद्या दिवशी रस्त्यावर तुटतो. शेवटी पायडलच्या मधल्या गोल भागाखाली कोरलेला नंबर वहीत उतरवा, मूळ बिल मागा. नाहीच मिळालं तर साध्या कागदावर नंबर, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या. चोरीचा माल गळ्यात पडला तर पोलिसांच्या दारात आपणच उभ्या राहतो, बरं का.

आणि चालवून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका. मी उल्हास नदीच्या बॅरेज धरणापर्यंत गेले. सकाळचं ऊन, पाण्यावर बगळे. थांबले तर दोन्ही पाय जमिनीला सहज टेकले! इतक्या दिवसांत पहिल्यांदा. सातशे कमी करून सौदा सहा हजार आठशेला पटला.

दुरुस्तीला मात्र उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आणून ठेवले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. कॅम्प एक ते पाच ही नावं अजून जिभेवर आहेत. जीन्सच्या पँटी असोत की फर्निचर, इथं काय बनत नाही असं विचारावं. कॅम्प नंबर तीनमधल्या एका बोळातल्या दुकानात मिस्त्रीनं विचारलं, “भाभीजी, ओरिजिनल डालूं या चालू?” चेन चांगली घातली, ब्रेकचे गुटके साधे. आउट काढून, सगळीकडे ग्रीस भरून अकराशे झाले. त्यानं एक गोष्ट बजावून सांगितली, तीही सांगते: डिस्कब्रेकच्या चकतीला तेलाचा थेंबही लागू द्यायचा नाही, नाहीतर ब्रेक धरणार नाही. आपण मशीनचं तेल घेऊन जिथंतिथं सोडतो ना, म्हणून.

जुनी सायकलही तिथंच दिली. भंगारवाला किलोवर मागत होता. दुकानातला उंच पोरगा तिच्याभोवती दोनदा फिरला, बाराशेला तोच घेऊन गेला. त्याच्या मापाची होती, दुसरं काय! चिरंजीवांना फोनवर सांगितलं तर क्षणभर गप्प. मग म्हणाला, “आई, घंटी तरी काढून ठेवायची होतीस.” काढली होती. ती आता नव्या हँडलवर आहे.

सीट किती उंच हवी याची एक सोपी खूण सांगते. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हावा. मग पंज्यानं मारताना तो आपोआप थोडा वाकलेला राहतो. महिन्याभरात गुडघ्याची कुरकुर पुष्कळ कमी झाली. शिवमंदिर तर रोजचंच. शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख असलेलं शिलाहारांचं हे देऊळ, गाभारा पायऱ्या उतरून खाली. शेजारून वाहणारी वालधुनी कारखान्यांच्या सांडपाण्यानं काळी झाली आहे. नाकाला पदर लावून कोरीव भिंती बघाव्या लागतात, हे लिहिताना वाईट वाटतं. आता रविवारी थेट बदलापूर. मूळगावच्या खंडोबाच्या टेकडीपर्यंत जाते. चढ आला की पुढची लहान चकती नि मागची मोठी, एवढं गिअरचं शास्त्र पुरतं. कोंडेश्वरला मात्र पावसाळ्यात मी जात नाही. तिथल्या डोहानं दरवर्षी कुणाचं ना कुणाचं घर पोरकं केलं आहे.

परवा त्या बदलापूरच्या मालकीणबाईंचा फोन आला. “ताई, रविवारी बॅरेजला येता ना तुम्ही? रागावणार नसाल तर एक फेरी मारू द्याल?” मी गेले. बाळाला माझ्याजवळ दिलं, ओढणी कमरेला गुंडाळली आणि निघाली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, बाळ माझ्या मांडीवर झोपून गेलं, तरी बाईसाहेबांचा पत्ता नाही. लांबून नुसती घंटी ऐकू येत होती.