बादलीच्या तळाचं लाकूड

नशिराबादला आजोबांच्या ओसरीवर मुसळ तासलं जात होतं. वाकसाचा घाव बसला की टणक आवाज व्हायचा. नातवाने काळपट तांबडी ढलपी उचलली, तसे आजोबा म्हणाले, "टाक बादलीत." ढलपी सरळ तळाला गेली. लाकूड तरंगतं एवढंच ठाऊक असलेला पोरगा बघतच राहिला.

"अंजन आहे. पालच्या डोंगरातलं."

पुढे पुण्याला शिकताना सह्याद्रीत कुणी त्याला निळ्या फुलांचं बुटकं झाड दाखवून 'हे अंजन' म्हटलं. त्याला ते पटेना. ती अंजनी निघाली, वेगळ्याच कुळातली. खानदेशचा अंजन शेंगांच्या कुळातला, आपट्याचा नातलग.

पन्नाशीत तो मुलीला घेऊन पालकडे निघाला. भुसावळ, तापीचा पूल, मग केळीच केळी. फैजपूर लागलं, तेव्हा १९३६ सालचं काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन इथलंच, हे त्याने मुलीला अभिमानाने सांगितलं. खिरोद्यानंतर केळी सरली, सातपुडा चढू लागला. इथलं यावल अभयारण्य १९६९ चं, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचं. सागाची ओळख पटायला कुणी लागत नाही. अंजन मात्र शोधावा लागला.

मुरमाड उतारावर तो उभा होता. सरळसोट खोड, उभ्या भेगांची काळपट साल, आणि एवढ्या कणखर झाडाच्या डहाळ्या खाली नाजूक झुकलेल्या. मुलीने पान तळहातावर घेतलं. आपट्याचं पान मधोमध पार देठापर्यंत चिरावं, तशी दोन पानं एका देठावर. दुष्काळात हाच पाला गुरांना जगवतो. त्यापायी फांद्या इतक्या छाटल्या जातात की कित्येक झाडांना शेंडाच उरत नाही. अंजनाचं रोप पहिली काही वर्षं वर फारसं वाढतच नाही. आधी मूळ खडकाच्या फटीतून खोल जातं. आज तोडलेल्या झाडाची जागा भरायला माणसाचं एक आयुष्य पुरत नाही, हे त्याला तिथे उभं राहून कळलं.

परतताना नशिराबादजवळ चौपदरी महामार्ग लागला. त्याच्या लहानपणी इथे निंबांची सावली होती. रुंदीकरणात ती गेली, दुभाजकात कण्हेर आली. कण्हेरीची सावली कुणाला पुरणार?

नशिराबादचा उन्हाळा अंजनाला परका नाही. महामार्गाच्या कडेला पुन्हा झाडं लावाल, तेव्हा त्यात चार अंजन असू द्या. आणि पहिली काही वर्षं रोप वाढत नाही म्हणून उपटू नका.