ओव्हरराइट करू का?

मी आळशी आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ती स्क्रिप्ट लिहिलीच नसती.

हिंजवडीतल्या एका कंपनीत माझं काम होतं कोडमधल्या कॉमेंट्सवरून डॉक्युमेंटेशन जनरेट करायचं आणि ते टीमच्या विकीवर चढवायचं. २१२ पानं. दर रिलीजला हातानं कॉपी-पेस्ट. तीन रिलीज केल्यावर वैतागले आणि शुक्रवारी संध्याकाळी स्क्रिप्ट चालवली. चार मिनिटांत सगळी पानं ताजी! वाकडच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा त्या दिवशी मी खूश होते.

रविवारी रात्री अडीचला फोन वाजला. सपोर्टच्या ताई. वर्षानुवर्षं नाइट शिफ्ट करणाऱ्या, अख्ख्या ऑफिसच्या ताई.

"अगं, हप्त्याच्या पानावर माझी एक ओळ होती. तू काढलीस का?"

ओळ अशी होती: 'टाइमआउट आला तर लगेच रिट्राय करू नका. बँकेत पैसे कापले गेलेले असू शकतात. आधी स्टेटस बघा.' तिच्या जागी आता माझ्या स्क्रिप्टनं आणलेलं वाक्य होतं: 'टाइमआउट आल्यास विनंती पुन्हा पाठवावी.' कोडमध्ये कुणीतरी कधीतरी लिहिलेली कॉमेंट. कोडमधून आलंय म्हणजे बरोबरच असणार, असं मला तोवर मनापासून वाटायचं.

ताईंना त्यांची ओळ पाठ होती. शिफ्टवरच्या नव्या मुलाला नव्हती. त्यानं पान उघडलं, वाचलं आणि तसंच केलं. अकरा जणांच्या कर्जाचा हप्ता दोनदा कापला गेला. पैसे परत गेले, पण दोन दिवसांनी. त्यातल्या एका रिक्षावाल्या काकांनी ताईंना फोनवर विचारलं, "मग आज सीएनजी कशानं भरू?" ताईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली, तेव्हा तिचं नाव होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून घेतलं. हवाईयन भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. कुणीही यावं आणि पटकन पान सुधारावं. ताईंनी तेच केलं होतं. हातानं पेस्ट करताना मला त्यांची ओळ दिसायची आणि मी ती न विचारता तशीच ठेवायचे. हे आपण एक काम करतोय, हेच मला माहीत नव्हतं. मग स्क्रिप्टला कोण सांगणार?

खरं तर विकीनं मला अडवायला हवं होतं. आमची विकी कॉन्फ्लुअन्सवर होती. तिथं बाहेरून पान बदलायचं तर सध्याच्या आवृत्तीपेक्षा एकनं जास्त आकडा द्यावा लागतो. पान ७ वर आहे असं समजून तुम्ही ८ पाठवलात आणि मधल्या वेळात कुणी ते बदललेलं असलं, तर ती ४०९ देऊन नकार देते. ही दाराची कडी. माझी स्क्रिप्ट मात्र लिहिण्याच्या क्षणभर आधी विचारायची, 'आता कितवी आवृत्ती?' आणि त्यात एक मिळवायची. आकडा कायम बरोबर, कडी कायम उघडी. विचारायला हवं होतं ते असं: मी मागच्या वेळी लिहून ठेवलेलीच आवृत्ती अजून आहे का?

पानांचा इतिहास शाबूत होता, म्हणून जुन्या ओळी मिळाल्या. ३७ पानांवर कुणाकुणाचं हस्तलिखित निघालं. मजकुराच्या कडेला केलेल्या टिपांचं मात्र नशीब वाईट. ज्या शब्दांना त्या चिकटवल्या होत्या तेच गेले, त्यामुळे त्या लटकल्या.

मग स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. ती आता आपला शेवटचा आकडा लक्षात ठेवते आणि तो जुळला नाही तर थांबते. तिचा टोकन फक्त जनरेट केलेल्या पानांच्या स्पेसमध्ये चालतो. माणसांच्या सूचना वेगळ्या पानावर राहतात आणि इन्क्लुड करून वर दिसतात. आधी नुसती रंगीत तालीम, म्हणजे ड्राय रन. पहिल्याच तालमीत एका उदाहरणात टेस्ट डेटाबेसचा पासवर्ड दिसला. तीन रिलीज तो मीच, माझ्या हातानं, पेस्ट करत होते! पान पुसून उपयोग नव्हता, कारण तो इतिहासात राहतोच. पासवर्डच बदलला.

गेल्या महिन्यात रात्री स्क्रिप्ट एका पानावर थांबली: 'हातानं बदल झालेला आहे.' फरक पाहिला. ताईंनी सूचनांचं वेगळं पान सोडून पुन्हा थेट मधेच ओळ घातली होती. हे त्यांना मी दोनदा समजावलंय.

फोन लावला.

"ताई, झोपलात का?"

"शिफ्टवर आहे गं. ती ओळ ना? थांब, आधी का घातली ते ऐक."